हेकट माणूस : राल्फ नेडरवरची डॉक्युमेंटरी पाहून डोकं भणभणतंय

अर्धाकप (धागाकर्ता)

मंडळी, शनिवारी घरी एकटाच होतो, म्हटलं काहीतरी हलकंफुलकं बघू आणि झोपू, आणि लावलं काय तर 'ॲन अनरीझनेबल मॅन'. २००६ ची डॉक्युमेंटरी आहे, दोन तासांची. हेन्रिएट मँटेल आणि स्टीव्ह स्क्रोव्हन या दोघांनी केलीये. दोघंही मूळचे विनोदी क्षेत्रातले, आणि मँटेलबाई तर पूर्वी नेडरच्याच ऑफिसात कामाला होत्या. म्हणजे फिल्म घरच्या माणसाने काढलीये हे धरूनच बघायची. नावाचा उगम बर्नार्ड शॉच्या एका वाक्यात आहे, शहाणा माणूस जगाप्रमाणे स्वतःला बदलतो, हेकट माणूस जगालाच बदलायला जातो, म्हणून प्रगती होते ती हेकटांमुळेच, असं काहीसं.

ज्यांना नेडर माहीत नाही त्यांच्यासाठी. राल्फ नेडर, जन्म १९३४, कनेक्टिकटमधलं विन्स्टेड नावाचं छोटं गाव, आईवडील लेबनॉनहून आलेले, वडिलांचं गावात हॉटेल कम बेकरी. प्रिन्स्टन, मग हार्वर्डला वकिली. १९६५ मध्ये या पठ्ठ्याने 'अनसेफ ॲट एनी स्पीड' नावाचं पुस्तक लिहिलं, की अमेरिकन गाड्यांत माणसं मरतात ती फक्त ड्रायव्हर गाढव असतो म्हणून नाही, तर गाडीच तशी बनवलेली असते म्हणून. पहिलंच प्रकरण जनरल मोटर्सच्या शेव्हरले कॉर्व्हेअरवर. आता जनरल मोटर्सने काय करावं? त्यांनी त्याच्या मागे खाजगी डिटेक्टिव्ह लावले! मित्रांना, ओळखीच्यांना गाठून विचारपूस, हा समलिंगी आहे का, ज्यूद्वेष्टा आहे का, बाया का नाहीत याच्या आयुष्यात. किराणा दुकानात बिस्किटं घेताना एक अनोळखी बाई येऊन सलगी करायला लागली, असं नेडर सांगतो. शेवटी पाठलाग करणारे सिनेटच्या इमारतीतच पकडले गेले आणि सगळं बाहेर आलं. २२ मार्च १९६६ ला जनरल मोटर्सचा प्रेसिडेंट जेम्स रोश सिनेटर रिबिकॉफच्या कमिटीपुढे बसून माफी मागतोय. तेव्हाची जगातली सगळ्यात मोठी कंपनी, आणि समोर ३२ वर्षांचा, घर नाही दार नाही, भाड्याच्या खोलीत राहणारा वकील.

त्याच वर्षी सप्टेंबरात राष्ट्राध्यक्ष जॉन्सननी वाहन सुरक्षेच्या कायद्यावर सही केली. नेडरने प्रायव्हसीचा खटला टाकून जनरल मोटर्सकडून १९७० मध्ये सव्वाचार लाख डॉलर काढले आणि त्यांच्याच पैशाने त्यांच्याच मागे लागायचा उद्योग सुरू केला. ही कथा मी आत्तापर्यंत तीन जणांना फोनवर सांगून झालीये.

पुढे ते 'नेडर्स रेडर्स', म्हणजे उन्हाळ्याच्या सुट्टीत वॉशिंग्टनला येऊन सरकारी खात्यांची लक्तरं काढणारी कॉलेजची पोरं. पुढे खरोखर निक्सनचा जावई झालेला एडवर्ड कॉक्ससुद्धा त्यात होता. मग मांस तपासणी, माहितीचा अधिकार, कामगारांची सुरक्षितता, विमानातून उतरवलेल्या प्रवाशाची भरपाई. शेवटचं कसं, तर १९७२ मध्ये याचंच कन्फर्म तिकीट असताना विमान कंपनीने याला चढू दिलं नाही, गडी भांडत भांडत सुप्रीम कोर्टापर्यंत गेला.

आणि मग येतं २०००. ग्रीन पार्टी या छोट्या पक्षाकडून राष्ट्राध्यक्षपदाला उभा. फ्लोरिडात बुशने डेमोक्रॅट अल गोरला हरवलं ५३७ मतांनी, नेडरला तिथे ९७ हजारांच्या वर मतं. बास, याने गोरची मतं खाल्ली म्हणून बोंब. ३५ वर्षांचं पुण्य एका रात्रीत खलास. फिल्मची सुरुवातच शिव्यांनी होते, एरिक आल्टरमन आणि टॉड गिटलिन हे दोघं डाव्या बाजूचेच लोक इतके तळतळून बोलतात की वाटतं याने यांची जमीन लाटली की काय.

मला जे राहून राहून आठवतंय ते मात्र २००० मधलं नाहीच, १९७७ मधलं आहे. जोन क्लेब्रुक ही नेडरची अगदी उजव्या हाताची बाई. राष्ट्राध्यक्ष कार्टरने तिला रस्ता सुरक्षा खात्याची प्रमुख केली. म्हणजे आपला माणूस खुर्चीत बसला, आता आनंदीआनंद ना? तर एअरबॅग सक्तीची करताना कंपन्यांना काही वर्षांची मुदत दिली गेली, आणि या बाबाने जाहीर पत्र काढून तिचाच राजीनामा मागितला. वर्ष पण झालं नव्हतं तिला. फिल्ममध्ये ती स्वतः हे सांगते. आवाजात राग नाहीये, पण ते बघून माझ्याच पोटात कालवलं.

तर प्रश्न असा. २००० वाला नेडर आणि १९६६ वाला नेडर ही दोन माणसं आहेत का? मला नाही वाटत. तुम्हाला काय वाटतं? (शुद्धलेखन सांभाळून घ्या, मोबाईलवरून टंकतोय.)

खवचट नाना

पहिला! वाचून मग प्रतिसाद देतो.

गॅरेजवाला बंडू

धागा मस्त. कॉर्व्हेअरबद्दल थोडं लिहितो कारण पुस्तक पुस्तक सगळे करतात पण गाडीत नेमकं काय होतं ते कोणी सांगत नाही. इंजिन मागे, हवेने थंड होणारं, फोक्सवॅगन बीटलसारखं. मागच्या चाकांना स्विंग ॲक्सल, म्हणजे जोरात वळताना मागची बाजू उचलली गेली की चाक आत दुमडायला बघतं, ग्रिप जाते आणि मागची बाजू फेकली जाते. यावर उपाय म्हणून पुढे एक अँटी रोल बार, म्हणजे वळताना गाडी कलू न देणारा दांडा टाकायचा, खर्च काही डॉलरचा. तो त्यांनी सुरुवातीच्या मॉडेलांत दिलाच नाही, त्याऐवजी टायरमधल्या हवेवर भागवलं. पुढे १५, मागे २६. आता मला सांगा गिऱ्हाईक हवा भरताना हे लक्षात ठेवणार? आपल्याकडे पंपावरचा पोरगा चारी चाकांत ३५ ठोकतो आणि वर दहा रुपये मागतो. तिकडेही तेच, सगळीकडे सारखी हवा भरली की गाडी बदमाश झालीच.

६४ मध्ये सस्पेन्शन सुधारलं, ६५ ला तर पूर्ण बदललं. म्हणजे पुस्तक आलं तोवर नवीन गाडी बरी झाली होती, हेही सांगायला हवं.

वकीलबुवा

बंडूशेठ अर्धंच सांगताय. १९७२ मध्ये त्याच सरकारी रस्ता सुरक्षा खात्याने ६० ते ६३ च्या कॉर्व्हेअरची चाचणी घेऊन म्हटलं होतं की ही गाडी तेव्हाच्या तशाच इतर गाड्यांपेक्षा जास्त उलटत नाही. नेडरने तो रिपोर्टही मान्य केला नाही, अर्थात. म्हणजे ज्या गाडीमुळे हा माणूस मोठा झाला तिच्यावरच जरा अन्याय झाला असं म्हणायला जागा आहे. फिल्ममध्ये यावर किती वेळ दिलाय?

अर्धाकप

@वकीलबुवा, फारसा नाही. तो गॅप आहेच. पण "तेव्हाच्या इतर गाड्यांपेक्षा वाईट नाही" याचा अर्थ इतर गाड्याही तेवढ्याच भंगार होत्या असाही होतो ना 😀 पुस्तकात कॉर्व्हेअरचं एकच प्रकरण आहे. बाकीचं पुस्तक सेकंड कोलिजनबद्दल आहे. पहिली टक्कर गाडीची खांबाशी, दुसरी टक्कर माणसाची गाडीच्या आतल्या भागाशी. स्टिअरिंगचा दांडा छातीत घुसतो, डॅशबोर्डवर कपाळ फुटतं, दार उघडून माणूस बाहेर फेकला जातो. माणसं मारते ती दुसरी टक्कर, आणि तिचा इलाज ड्रायव्हरच्या हातात नसून कारखान्याच्या हातात आहे.

शेवग्याची शेंग

हे दुसऱ्या टक्करीचं वाचून चारोटीचा अपघात आठवला. सप्टेंबर २०२२, सायरस मिस्त्री. गाडी मर्सिडीज, एअरबॅगा सगळ्या होत्या, पण मागे बसलेल्यांनी पट्टा लावला नव्हता. त्यानंतर आठवडाभर सगळे मागे बसून पट्टा लावत होते. मग परत ये रे माझ्या मागल्या.

खवचट नाना

वाचला. आता मुद्दा. अहो या माणसाला आपल्याकडे एका शब्दात सांगतात. 'पाडायला उभा'. प्रत्येक गल्लीत असतो एक. स्वतः येत नाही, दुसऱ्याला येऊ देत नाही. फरक एवढाच की आपल्याकडचे पाकीट घेऊन उभे राहतात, हा फुकट राहिला. फुकटचा जास्त धोकादायक, कारण त्याला आदल्या रात्री बसवता येत नाही.

रिकामटेकडी

नाना 😂😂 +१

तल्लाहासीकर

मी तेव्हा तिथेच होतो हो. २००० चं फॉल सेमिस्टर, तल्लाहासी, फ्लोरिडाची राजधानी. आम्हा देशी पोरांना मत नाही, काही नाही, पण त्या रात्री एका सीनियरच्या अपार्टमेंटमध्ये खिचडी लावून दहा जण टीव्हीपुढे बसलो होतो. आठच्या सुमारास चॅनेलवाल्यांनी फ्लोरिडा गोरला दिला, मग दोन तासांनी काढून घेतला, मग रात्री दोनच्या पुढे बुशला दिला, परत काढून घेतला. सकाळी उठलो तर राष्ट्राध्यक्ष कोण हे कोणालाच माहीत नाही. पुढचे ३५-३६ दिवस आमच्या गावात नुसत्या सॅटेलाइटच्या छत्र्या लावलेल्या गाड्या, कारण राज्याचं सुप्रीम कोर्ट तिथे. हॉटेलात खोल्या मिळेनात. मतपत्रिका भिंगातून बघणारे ते टक्कल पडलेले काका आठवत असतील बऱ्याच जणांना, कागदाचा तुकडा पूर्ण पडला की लोंबकळतोय यावर देशाचं भवितव्य.

तेव्हा कॅम्पसवर नेडरचे स्टिकर होते बरेच. निकालानंतर आठवड्यात अर्धे खरवडलेले दिसले.

सगळं खापर नेडरवर फोडणाऱ्यांना मी तेव्हापासून एकच सांगतो. पाम बीच काउंटीतली ती फुलपाखरू मतपत्रिका. दोन्ही बाजूला नावं आणि मधे भोकं, गोरला द्यायला गेलेले म्हातारे आजी-आजोबा ब्युकॅनन या तिसऱ्याच पक्षाच्या उमेदवाराला भोक पाडून आले. ३४०० च्या वर मतं त्याला त्या एका काउंटीत, जिथे ज्यू निवृत्तांची मोठी वस्ती आहे! ब्युकॅनन स्वतः म्हणाला की ही माझी नसावीत. फरक ५३७ चा. आता बोला.

सुनीताकाकू_एडिसन

तल्लाहासीकर, तू म्हणतोस ते खरं रे बाबा पण मी तेव्हा नुकतीच सिटिझन झालेले, माझं ते पहिलं मत. आणि मी नेडरला दिलं. न्यू जर्सीत, गोर आरामात येणार माहीत होतं. एवढ्या वर्षांत हे मी कुठे उघड बोलले नव्हते 🙈 आमचे हे अजून टोमणे मारतात, इराकचं नाव निघालं की माझ्याकडे बघतात. अहो मी एडिसनला मत दिलं, बगदादला नाही!

का दिलं ते सांगते. माझ्या पहिल्या बाळंतपणाच्या वेळी कार सीट असल्याशिवाय हॉस्पिटलने बाळ घरी नेऊ दिलं नव्हतं. तेव्हा राग आला होता, आपल्याकडे मांडीवर घेऊन रिक्षातून जातात. मग कोणीतरी सांगितलं की हे सगळं ज्या एका माणसाने सुरू केलं तो अमुक. ते डोक्यात राहिलं. ती वडिलांची गोष्ट पण फार आवडते मला, शाळेतून आल्यावर विचारायचे म्हणे, आज शाळेत काय शिकलास, विश्वास ठेवायला की विचार करायला?

अर्धाकप

काकू, आईची गोष्ट त्याहून भारी. १९५५ मध्ये विन्स्टेडला पूर आला, गावाची वाट लागली. तेव्हाचे सिनेटर गावात आले, समारंभात हात मिळवायला रांग. रोझ नेडर या बाईने हात धरला आणि सोडेचना, धरण बांधून देतो म्हणा मग सोडते. धरण झालं. आणि ते सिनेटर होते प्रेस्कॉट बुश, म्हणजे ज्याला नेडरने निवडून आणलं असं सगळे म्हणतात त्या बुशचे सख्खे आजोबा.

रिकामटेकडी

काय सांगता!! एकता कपूरला द्या हे.

ठोंब्या

एक शंका, रागावू नका. गोरला देशभरात मतं जास्त होती ना? मग हरला कसा?

वकीलबुवा

ठोंबेराव, चांगली शंका आहे. तिकडे देशभराच्या बेरजेला किंमत नाही. प्रत्येक राज्याला ठरावीक इलेक्टोरल मतं, आणि राज्यात ज्याला एक जरी मत जास्त त्याला बहुतेक ठिकाणी ती सगळीच्या सगळी. फ्लोरिडाची २५ होती. गोरला देशात पाच लाखांवर मतं जास्त मिळूनही शेवटी २७१ विरुद्ध २६६ असं झालं. फेरमोजणी चालू होती ती १२ डिसेंबरला सुप्रीम कोर्टाने थांबवली, विषय संपला.

आता हिशोब करायचा तर नीट करू. नेडरच्या मतदारांना तेव्हा विचारलं होतं की नेडर नसता तर काय केलं असतंत. जवळपास निम्मे म्हणाले गोर, पाचातला एक म्हणाला बुश, बाकीचे म्हणाले घरी बसलो असतो. हे फ्लोरिडाच्या ९७ हजारांना लावा, गोर जिंकतो, त्यात वाद नाही. न्यू हॅम्पशायरमध्येही बुश ७२११ ने आला आणि नेडरला २२ हजार. तेवढं एक राज्य मिळालं असतं तरी फ्लोरिडाची गरज नव्हती. हे फ्लोरिडा फ्लोरिडा करणारे विसरतात.

पण उलट बाजू. फ्लोरिडात सोशलिस्ट वर्कर्स पार्टीचा जेम्स हॅरिस नावाचा उमेदवार होता, त्याला ५६२ मतं. म्हणजे तोही दोषी धरायचा का? फ्लोरिडातल्या स्वतःला डेमोक्रॅट म्हणवणाऱ्यांपैकी १३ टक्क्यांनी थेट बुशला मत दिलं, ती संख्या नेडरच्या मतांच्या दुपटीहून जास्त भरते. आणि गोर स्वतःचं राज्य टेनेसी हरला. घरचं राज्य!

खवचट नाना

घरचं राज्य हरला ते त्याचं त्याने बघावं. प्रश्न नेडरचा चाललाय. माणूस म्हणत होता की दोन्ही पक्ष सारखेच, एकाच माळेचे मणी. इराक युद्ध झालं, न्यायाधीश नेमले गेले, तरी सारखेच? ही वाक्यं सोफ्यावर बसून चहा पिताना बरी वाटतात.

गॅरेजवाला बंडू

नाना, सारखेच नव्हते हे मान्य. पण त्याला बोलू तरी द्यायचं होतं ना. फिल्ममधला तो बोस्टनचा सीन बघा. ३ ऑक्टोबर २०००, पहिली डिबेट. याला स्टेजवर तर नाहीच घेतलं, का तर सर्व्हेत १५ टक्के पाहिजेत. ठीक. मग याने एका विद्यार्थ्याकडून शेजारच्या हॉलचं तिकीट मिळवलं, जिथे नुसतं पडद्यावर बघायचं. तिथेही पोलिसांनी अडवलं! तिकीट हातात असताना! राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार, टीव्हीवर वादविवाद बघायला आलाय, आणि त्याला सांगतात निघ नाहीतर अटक. मी तर उठून उभा राहिलो होतो घरात.

त्याच माणसाच्या सभेला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये लोक २० डॉलरचं तिकीट काढून आले होते. आपल्याकडे सभेला यायचे पैसे द्यावे लागतात, वर वडापाव.

शेवग्याची शेंग

फकीर फकीर म्हणून फार कौतुक चाललंय म्हणून सांगते, २००० मध्ये उमेदवार म्हणून जाहीर केलेली मालमत्ता ३० लाख डॉलरच्या बरीच वर होती आणि त्यात सिस्कोचे शेअर भरपूर. गाडी नाही, क्रेडिट कार्ड नाही, लष्करात असताना स्वस्तात घेतलेले डझनभर बूट वर्षानुवर्षं घातले, हे सगळं खरं आहे, पण दोन्ही सांगा.

अर्धाकप

@शेवग्याची शेंग, बरोबर. त्यातला बराच पैसा तो संस्थांमध्ये घालायचा असं त्याचे लोक सांगतात, पण तुमचा मुद्दा मान्य.

देशपांडे_निवृत्त

नमस्कार. उशिरा आलो. मी आमच्या भागातल्या ग्राहक पंचायतीचं काम पंचवीसेक वर्षं केलं आहे म्हणून लिहावंसं वाटलं.

आपल्याकडे ही चळवळ नेडरच्या वाटेने गेली नाही. बिंदुमाधव जोशींनी पुण्यात ७४ मध्ये ग्राहक पंचायत सुरू केली, मुंबई ग्राहक पंचायत ७५ ची. आमचं काम काय, तर दहा-पंधरा घरांचा संघ करायचा, महिन्याचं सामान एकत्र मागवायचं, कोणाच्या तरी घरी किंवा सोसायटीच्या जिन्यात डाळ-तांदूळ-साबण मोजून वाटायचे. व्यापाऱ्याशी भांडण नंतर, आधी गिऱ्हाइकांची एकजूट. १९८६ चा ग्राहक संरक्षण कायदा आला त्यामागे अशी बरीच वर्षं होती. नेडरचं सगळं काम वकिली पद्धतीचं, कागद, साक्ष, खटला, कायदा. त्याच्यामागे तरुण हुशार मुलं होती, पण संघ नव्हता, ज्या घरांना तो वाचवत होता ती घरं त्याला महिन्याच्या महिन्याला भेटत नव्हती. म्हणून तो निवडणुकीला उभा राहिला तेव्हा टाळ्या मिळाल्या, मतं नाहीत. २००० मध्ये देशभरात २८ लाखांच्या वर मिळाली, म्हणजे पावणेतीन टक्क्यांच्या आसपास. सरकारी निधीसाठी ५ टक्के हवे होते, तेही झाले नाहीत.

उलट उदाहरण आपल्याकडे आहे. मृणालताई गोरे. पाण्यासाठी, महागाईविरुद्ध हंडे-लाटणी घेऊन बायका रस्त्यावर आणल्या आणि त्याच बायकांच्या जोरावर ७७ ला खासदार झाल्या. 'पाणीवाली बाई दिल्लीत, दिल्लीवाली बाई पाण्यात' ही घोषणा माझ्या वयाच्या लोकांना आठवेल.

सुनीताकाकू_एडिसन

काका, अंगावर काटा आला. आमच्या गोरेगावच्या चाळीत पंचायतीचं सामान यायचं, आई पिशव्या शिवून ठेवायची.

खवचट नाना

देशपांडेसाहेबांना मुजरा. याला म्हणतात प्रतिसाद. आणि शेषन विसरू नका. निवडणूक आयुक्त असताना देशभर दरारा, मग ९७ ला राष्ट्रपतिपदाला उभे राहिले, शिवसेनेच्या पाठिंब्यावर, ९९ ला काँग्रेसकडून गांधीनगरला अडवाणींसमोर. दोन्हीकडे पडले. पंच मैदानात बॅट घेऊन उतरला की लोक टाळ्या वाजवायच्या थांबतात.

रिकामटेकडी

मी काल रात्री बघितली शेवटी, धाग्यामुळे. मला सगळ्यात टोचला तो गुडघ्यांचा सीन. २००४, बिल माहरचा टीव्ही शो, आणि डॉक्युमेंटरीवाला मायकल मूर आणि माहर दोघं खुर्चीतून उतरून खाली गुडघ्यावर, हात जोडून, प्लीज उभा राहू नकोस. मूर तोच ना जो २००० मध्ये याच्याच प्रचाराला फिरला होता? प्रेक्षक हसतायत, आणि नेडर तिथे बसलाय, चेहऱ्यावर धड हसू नाही धड राग नाही. ७० वर्षांचा म्हातारा. मला दोघांचाही राग आला आणि त्याचाही आला. उभा राहिलाच वर. साडेचार लाखांच्या वर मतं, अर्धा टक्काही नाही. २००८ साली परत! सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात ते हेच.

वकीलबुवा

२००४ चा एक भाग मात्र डेमोक्रॅटिक पक्षालाही शोभणारा नव्हता. राज्याराज्यांत याचं नाव मतपत्रिकेवर येऊ नये म्हणून खटल्यांचा सपाटा लावला. ज्या माणसाने लोकांना कोर्टात जायला शिकवलं त्यालाच कोर्टकज्ज्यात दमवून काढायचं. उपाय सरळ आहे की, मतदाराला पहिली पसंती-दुसरी पसंती लिहू द्या. मेन राज्याने पुढे तसं केलंही. आपल्या राज्यसभेला, विधान परिषदेला पसंतीक्रम आहेच की.

तल्लाहासीकर

@अर्धाकप, तुमच्या मूळ प्रश्नाबद्दल. क्लेब्रुकचं प्रकरण मी शोधून वाचलं. तुम्ही एक गोष्ट लिहिली नाही, ती अशी की नेडर बरोबर होता! एअरबॅगला मुदत दिली, तोवर कार्टर गेला, रेगन आला, आणि ८१ मध्ये त्यांनी तो नियमच रद्द केला. ८३ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की असा मनमानी रद्द करता येणार नाही, तरी पुढे सगळ्या नव्या गाड्यांत दोन्ही बाजूला एअरबॅग सक्तीने यायला ९० चं दशक संपत आलं. म्हणजे मुदत दिली तिथेच मेख होती, आणि ती याने ७७ मध्येच ओळखली होती.

अर्धाकप

तल्लाहासीकर, हो, हे मला माहीत नव्हतं असं नाही, पण लिहायचं टाळलं कारण त्याने माझी पंचाईत होते 🙂

बघा ना. मुद्द्यावर तो बरोबर. क्लेब्रुकने तरी काय करायचं होतं, मंत्र्याने ठरवलेलं, ती खात्यात नवी, तिच्या हातात होतं तेवढं तिने पदरात पाडलं. आपलेच दात आपलेच ओठ. तिने मनात ठेवलं नाही, ८२ पासून त्याचीच पब्लिक सिटिझन संस्था चालवली, पंचवीस वर्षांच्या वर. मला वाटतं त्यातून नेडर चुकीचं शिकला. त्याला वाटलं असणार की आपण बरोबर असलो की दुखावलेली माणसं येतातच परत. २००० नंतर नाही आली. फिल्ममध्ये जुने रेडर्स बसून बोलतात, केस पांढरे झालेले, आणि त्यातले काही अजूनही त्याला भेटलेले नाहीयेत असं वाटत राहतं.

आगरकरांचं ते आहे ना, इष्ट असेल ते बोलणार आणि साध्य असेल ते करणार. याने पहिला अर्धा भाग छातीवर गोंदून घेतला आणि दुसऱ्याशी उभा दावा मांडला.

देशपांडे_निवृत्त

दुसरा अर्धा भाग गोंदवून घेतलेली माणसं मी मंत्रालयात खूप पाहिली. पहिलाच बरा.

शेवग्याची शेंग

काका 🔥

अवांतर, पण नेडरचं पुढचं कळलं का कोणाला? मार्च २०१९ ला इथिओपियन एअरलाइन्सचं ७३७ मॅक्स पडलं, १५७ माणसं गेली, त्यात याच्या सख्ख्या बहिणीची नात होती. चोविशीतली मुलगी. तेव्हा हा ८५ वर्षांचा. आणि परत सुरू, बोइंगविरुद्ध पत्रं, लेख, विमानाची रचनाच सदोष आहे, पायलटवर ढकलू नका. म्हणजे ६५ सालचंच वाक्य, गाडीच्या जागी विमान.

रिकामटेकडी

हे फिल्ममध्ये नाही अर्थातच. हे वाचून गप्पच झाले मी.

ठोंब्या

मला राजकारणातलं फार कळत नाही. पण काल सासऱ्यांना घेऊन नाशिकला निघालो होतो, हा धागा डोक्यात, म्हटलं बाबा मागे बसलात तरी पट्टा लावा. ते म्हणाले लावतो, क्लिप कुठाय? क्लिपच नाही! तीन वर्षांची गाडी. शोधलं तर घेतानाच हौसेने जे सीट कव्हर चढवलं होतं त्याच्याखाली तिन्ही क्लिपा दाबून टाकलेल्या. तीन वर्षं पोरं मागे तशीच बसत होती.

गॅरेजवाला बंडू

ठोंबेराव, दहातल्या सात गाड्यांत हेच असतं, माझ्याकडे सर्व्हिसिंगला येतात त्यात बघतो. कव्हर काढू नका, कव्हरवाल्याकडे जाऊन क्लिपच्या जागी काप घेऊन कडेने शिवून घ्या. नुसतं कात्रीने कापलंत तर उसवत जाईल.

ठोंब्या

घेतलं शिवून आज. दीडशे रुपये. सासरे म्हणतायत पट्टा पोटाला काचतो.

खवचट नाना

सासऱ्यांना उभं करा ग्रीन पार्टीकडून.